एका खेपेला एकच वस्तू

गढा नावाच्या मोहल्ल्यातल्या त्या घराचा वरचा मजला बघायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी भाड्याची गोष्ट काढण्याआधी विचारलं, "मॅडम, तुमचं माहेर कोणत्या तीरावर?" बँकेत बदली होऊन मी नुकतीच जबलपूरला आले होते, हॉटेलातल्या पनीरला विटले होते, आणि मला कशीही करून किल्ली हवी होती. मी म्हटलं, सातारा, म्हणजे कृष्णेच्या बाजूला. ते म्हणाले, कृष्णा असेल तिच्या घरी, इथे नदी म्हटलं की नर्मदा. सातारा, पुणे, नागपूर, कोल्हापूर सगळं दक्षिण तीर. मग माझ्या घरात काहीतरी वाईट घडल्यासारखं तोंड करून त्यांनी किल्ली दिली.

मला तेव्हा हे फार मजेशीर वाटलं. पुण्याच्या मैत्रिणीला फोन करून मी त्यांची नक्कलही करून दाखवली. विक्षिप्त माणसं भाडेकरूंना मजेशीरच वाटतात. त्यांच्या बायकोला ती कशी वाटतात, हे कळायला त्याच छताखाली वर्षभर राहावं लागतं. मी राहिले, आणि आजही त्यांची आठवण आली की माझं डोकं तापतं.

काका, म्हणजे हे घरमालक, संरक्षण खात्याच्या कारखान्यातल्या कचेरीतून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत बंद. त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे म्युझियम. दर रविवारी सकाळी एक घडीचा स्टूल काखेत मारून ते शहरातल्या म्युझियमला जायचे. लोखंडी पायांचा, कॅनव्हासच्या बैठकीचा तो स्टूल कारखान्यातल्या कोणीतरी त्यांना निरोपाच्या वेळी करून दिला होता. आत गेले की एका वस्तूसमोर स्टूल उघडायचा आणि तासभर बसायचं. एकाच वस्तूसमोर. मग स्टूल मिटायचा आणि घरी यायचं. एकदा मला हौसेनं घेऊन गेले. हात तुटलेल्या एका मूर्तीसमोर बसले. मी उभ्यानं किती बघणार? सरकले पुढच्या मूर्तीकडे, तर मागून आवाज आला, "मॅडम, तिकडे काहून जाऊन राहिल्या? ते पुढच्या रविवारचं आहे."

दहा गोष्टी बघणारा एकही बघत नाही, एका खेपेला एकच वस्तू, असा त्यांचा कायदा होता आणि तो सगळीकडे लागू होता. लग्नाच्या पंगतीत ते एकच पदार्थ खायचे, मग तो नुसता मठ्ठा का असेना. सराफ्यात काकूंना कानातले घ्यायला घेऊन गेले, तर दुकानदारानं काढलेला पहिला जोड तेवढा अर्धा तास न्याहाळला आणि दुसरा काढू लागल्यावर उठून आले. काकू तशाच मागे. कानातले राहिलेच. ही गोष्ट ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे आणि काकू हसायच्या. ते हसू मी नंतर नीट पाहिलं. नुसते ओठ ताणायच्या, बस.

आता नदीचं सांगते. काका नर्मदा ओलांडत नसत आणि काकूंनाही ओलांडू देत नसत. निवृत्तीनंतर दोघं जोडीनं पायी परिक्रमेला निघाले होते. नियम असा की नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं, आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत तिला कुठेही ओलांडायचं नाही. जबलपूरच्या ग्वारीघाटाहून उगमाशी अमरकंटक, तिथून वळसा घालून दक्षिण तीरानं थेट समुद्रापर्यंत, मग मुखाशी नावेत बसून उत्तर तीरावर यायचं आणि परत घराकडे. हे दोघं समुद्र गाठून उत्तर तीराला आले, भडोचपर्यंत पोचले, आणि तिथे काकूंचे गुडघे गेले. अंगात तापही भरला. काकांनी त्यांना आगगाडीत घालून जबलपूरला आणलं आणि जाहीर केलं की परिक्रमा मोडलेली नाही, थांबलेली आहे. गुडघे बरे झाले की भडोचहून पुढे चालू. तोवर दोघांपैकी कोणीही नदी ओलांडायची नाही. संकल्प जोडीचा, एकानं ओलांडली तर दोघांची मोडणार.

गुडघे बरे झाले नाहीत. मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला चार वर्षं होत आली होती.

जबलपूर उत्तर तीरावर आहे. म्हणजे मराठी माणसाचं सोयर-सुतक जिथे म्हणून असतं, ते सगळं पलीकडे. काकूंचं माहेर नागपूरचं, आणि माहेर म्हणजे एक धाकटी बहीण, छबूताई. छबूताईंचे यजमान गेले तेव्हा काकू नागपूरला गेल्या नाहीत. माझ्या खोलीत येऊन, पंखा मोठा करून रडल्या, म्हणजे खाली ऐकू जायला नको. दर दिवाळीला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन बहिणीसाठी एक साडी घ्यायच्या. आधी छबूताई स्वतः येऊन ती घेऊन जायच्या. मग त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली आणि येणं बंद झालं. त्यानंतर साडी फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरायची, पदर उलगडून दाखवायचा, आणि पलीकडे छबूताई डाव्या हाताची बोटं हलवायच्या. फोन धरायला मी असायची. काका बाजूच्या खोलीत पेपर वाचत असायचे.

काकूंनी एकदा नागपूरचं नाव काढलं तेव्हा मी तिथेच होते. काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नदी एकदा निघाली की माहेरी परतत नाही. तिच्यापासून शिकावं." हे वाक्य त्यांना फार आवडायचं. पाहुण्यांनाही ऐकवायचे आणि पाहुणे वा वा करायचे. मला ते पहिल्यांदा ऐकल्यावर हातातला चहाचा कप त्यांच्या पेपरावर ओतावासा वाटला होता. दुसऱ्यांदाही वाटला.

शेवटी मीच डोकं चालवलं. हल्ली कितीतरी लोक मोटारीनं परिक्रमा करतात. भडोचला जाऊ, तिथून गाडी करून उत्तर तीरानं जबलपूरला येऊ, ग्वारीघाटावर पूजा करू, कन्यांना जेवू घालू, झाली पुरी. मग काकू नागपूरला जायला मोकळ्या. काका म्हणाले, पायी उचलली ती पायीच ठेवायची. मी वाद घातला, चढ्या आवाजात घातला, भाडेकरूला न शोभेल असा घातला. काही उपयोग झाला नाही. मग काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मागच्या वेळी तुमचं भडोचचं म्युझियम राहिलं होतं ना?"

राहिलं होतं आणि ते काका विसरले नव्हते. "हिच्या गुडघ्यांनी माझं म्युझियम बुडवलं," असं ते म्हणायचे. इतकं जुनं बंदर, तिथून माल समुद्रापार रोमपर्यंत जायचा, आणि मी तिथे जाऊन दवाखान्याच्या बाकावर बसून आलो, ही त्यांची तक्रार. दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, रजा किती मिळेल.

जबलपूरहून गुजरातकडे जाणारी एक गाडी आहे. ती आठवड्यातले काही दिवस इटारसीवरून जाते आणि वाटेत दोनदा नर्मदा ओलांडते. बाकीचे दिवस कटनी आणि बीनावरून लांबचा वळसा घेते, नदीला शिवतसुद्धा नाही. नाव तेच, डबे तेच. वार चुकला की रस्ता चुकला. काकांनी बीनाच्या दिवसाचं तिकीट काढायला लावलं, आणि तरीही टीसीला विचारलं, सहप्रवाशांना विचारलं, चहावाल्याला विचारलं, "भैया, बीना से ही जाएगी ना? पक्का?" मग पाय वर घेऊन मला म्हणाले, "मागच्या वेळी पण विचारूनच चढलो होतो. ताप चढलेलं माणूस सोबत, पण विचारलं." काकूंनी तोंड खिडकीकडे केलं. मला वाटलं, ऊन बघतायत.

भडोचला सकाळी पोचलो. मोटार दुसऱ्या दिवसाची ठरवली होती, म्हणून आधी घाटावर गेलो. नदी तिथे ओळखू येत नाही. ग्वारीघाटावर हिरवी, आटोपशीर दिसणारी बाई इथे गढूळ आणि अफाट पसरलेली. एवढं मोठं बंदर म्हणून जे काय मनात होतं, त्यातलं काही नाही, नुसता चिखल आणि दूरवर पूल. काका रिक्षावाल्याशी म्युझियमच्या वेळेवरून हुज्जत घालत होते. काकू पायरीवर बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "अहो मॅडम, पाणी उलटं चालून राहिलंय."

खरंच चाललं होतं. कोणीतरी सोडलेला झेंडूचा हार समुद्राकडून वर, जबलपूरच्या दिशेनं निघाला होता. अंघोळ करणाऱ्या एका गृहस्थानं हिंदीत सांगितलं, भरती आहे, समुद्राचं पाणी चढतं, रोजचंच आहे. काकूंनी लग्नापासून ही नदी एकाच दिशेनं जाताना पाहिली होती. हार दिसेनासा होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मागच्या वेळी तापात असल्यानं हे बघायचं राहिलं, म्हणाल्या.

गावात बघण्यासारखी दोन संग्रहालयं होती, म्हणजे काकांच्या हिशेबानं दोन खेपा. त्यांनी त्यातलं लहान निवडलं. आत कपाटांतून नाणी, खापरं, काचेचे मणी, वरच्या मजल्यावर जुनी लाकडी कोरीव कामं. इतक्या लांब येऊन, सहा वर्षं कुढून, या माणसानं स्टूल उघडला तो एका दगडासमोर. भोक पाडलेला मोठा दगड. जुना जहाजाचा नांगर. शेजारी पाटी होती. जहाजं भरतीच्या पाण्यावर चढून नदीतून वर बंदरात येत आणि ओहोटी लागेपर्यंत अशा नांगरावर थांबत, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी ती पाटी मोठ्यानं वाचली, मुद्दाम. आणि म्हटलं, "काका, नदी परतते की. इथे लिहिलंय." त्यांनी मला गप्प बसायची खूण केली.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. नागपूरहून छबूताईंचा मुलगा बोलत होता. पहाटे आईला दवाखान्यात हलवलं होतं आणि डॉक्टरांनी ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या म्हणून सांगितलं होतं. काकूंनी मला सांगितलं, आणि मी जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी नांगरावरची नजर हलवली नाही. उद्या गाडी निघेल, म्हणाले, तीन-चार दिवसांत ग्वारीघाट, पूजा झाली की जाईल ती नागपूरला.

माझा तोल गेला. म्युझियममध्ये हळू बोलायचं असतं वगैरे सगळं विसरले. बाई तिकडे मरतेय आणि तुम्ही दगड बघत बसलाय, असं काहीतरी मी ओरडले. रखवालदार दारापर्यंत आला. काका त्याला म्हणाले, "कुछ नहीं भैया, घर की बात है।" या 'घर की बात'चा मला भयंकर संताप आला.

आणि मग काकू बोलल्या. त्या कपाटाला धरून उभ्या होत्या. आवाज रोजचाच होता.

"मागच्या वेळी आपली गाडी इटारसीवरून गेली होती. होशंगाबादचा पूल आला तेव्हा उजाडून राहिलं होतं. लोक हात जोडत होते. तुम्ही तोंडावर चादर घेऊन पडले होते. मी जागी होते."

मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. सहा वर्षं सांभाळलेली परिक्रमा त्याच्या पायाखालून काढून घेतली होती. मला क्षणभर दयासुद्धा आली. मग ते नांगराकडेच बघत म्हणाले, "मी पण जागाच होतो."

मी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. काकूंचा चेहरा अगदी कोरा झाला होता.

"मग काहून?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तू बोलली असती तर मोडली असती," काका म्हणाले. "तू बोलली नाही. मला वाटलं, तुलाही ठेवायची आहे."

त्यावर काकूंनी पर्स खांद्याला लावली आणि बाहेरच्या पायऱ्यांकडे चालू लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरून, एक एक पायरी. मी त्यांच्या मागे. काका स्टूल मिटून आमच्या मागे आले.

भडोचहून नागपूरला थेट गाडी असते. दुपारची मिळाली. काकांनी बॅग डब्यात चढवून दिली, पाण्याची बाटली आणून दिली आणि फलाटावर उभे राहिले. मी म्हटलं, "चढा. तुमची तर मोडलेलीच आहे ना? आता काय राहिलंय?" ते म्हणाले, मोटार ठरवलेली आहे, पैसे दिलेले आहेत. या एका वाक्यासाठी मी त्यांना कधीही माफ करणार नाही. गाडी सुटली तेव्हा ते काखेत स्टूल धरून उभे होते.

भडोच सोडलं की लगेच पूल लागतो. डब्यातल्या लोकांनी हात जोडले, कोणी नाणी टाकली. काकूंनी काहीच केलं नाही. खाली पाणी कुठल्या दिशेनं चाललं होतं ते मला कळलं नाही. मग मी न राहवून विचारलं की तुम्ही तरी इतकी वर्षं का नाही बोललात. रागानंच विचारलं. मला त्यांचाही राग आलाच होता.

काकू म्हणाल्या, चालत होतो तेव्हा ते माझं गाठोडं घ्यायचे. रात्री पाय दुखून राहिले का, विचारायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, मोडली असं म्हटलं की तेही संपेल. "घरी आल्यावर ते असंही संपलं. पण तोवर मी गप्प राहून बसले होते. मग बोलायची सोय राहिली नाही."

नागपूरला पोचलो तेव्हा छबूताई होत्या. डोळे उघडे होते. काकूंनी त्यांचा डावा हात हातात घेतला, जबलपूरहून बरोबर घेतलेली दिवाळीची साडी पिशवीतून काढून पदर उलगडला, अगदी फोनवर दाखवायच्या तसा. बोटं हलली नाहीत. त्या हाताशी काकू दोन दिवस बसून होत्या, मग तेही संपलं. स्मशानातून माणसं परत आल्यावर मोरीत हातपाय धुताना त्या मला म्हणाल्या, "ओळखलं नाही तिनं. मागच्या वर्षी आले असते तर ओळखलं असतं." मग टॉवेल मागितला.

मी जबलपूरला परत आले. काकू आल्या नाहीत, भाच्याकडे राहिल्या. काकांनी इकडे मोटारीनं उत्तर तीर पुरा केला होता, ग्वारीघाटावर पूजा केली होती, कन्यांना शिरापुरी वाढली होती. शेजारीपाजारी पाया पडून गेले. मोडलेल्या परिक्रमेचा प्रसाद माझ्या दारातही वाटीत झाकून ठेवला होता. मी तो खाल्ला नाही. गाईला घातला.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बँकेतून आले की काका जिन्यापाशी उभे. "काय म्हणते ती?" मी म्हणायची, जाऊन विचारा. आता तर सगळ्या नियमांनी ते मोकळे होते. ग्वारीघाटाहून नाव पाच मिनिटांत पलीकडे पोचवते. तरी जात नव्हते. रविवारी म्युझियमला जाणं मात्र त्यांनी सोडलं. मी ते पाहिलं. त्यांचं मन राखायची मला काडीची इच्छा नव्हती.

पुढच्या वर्षभरात माझी बदली झाली. सामान ट्रकवर चढलं तेव्हा काका तो स्टूल घेऊन वर आले. तुमची गाडी नागपूरवरूनच जाणार ना, म्हणाले, तर एवढा तिला द्या. तिचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही तिला. स्टूल पुसून चकचकीत केला होता, कॅनव्हास नवं लावलं होतं. दुसरी कोणी असती तर विरघळली असती. मी म्हटलं, "तुम्हीच घेऊन जा. पूल तिथंच आहे." ते तसेच उभे राहिले आणि मी खाली उतरले. वाईट वाटलं का? नाही वाटलं.

परवा काकूंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, ते आले होते. अचानक, न कळवता, काखेत स्टूल. भाचा कामावर गेलेला, त्या एकट्याच घरात तांदूळ निवडत बसलेल्या. काकांनी काही विचारलं नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. समोर स्टूल उघडला आणि बसले.

"काय बोलले?" मी विचारलं.

"काहीच नाही. बघत बसले. तिथे बसतात ना, तसे. तासभर."

"आणि तुम्ही?"

"मी तांदूळ निवडले," काकू म्हणाल्या. "मग म्हटलं, उठा आता, बंद व्हायची वेळ झाली."